मोजे

देवासच्या रस्त्याला
सोयाबीनच्या पेंडीचा भाजका वास सुरू झाला
की आई म्हणायची, आलं तुझ्या बाबांचं गाव.
एकोणतीस वर्षं ते त्या वासात राहिले,
आणि त्याखालच्या दुसऱ्या एका वासात,
जो त्यांनी कितीदा सांगूनही मला कधी ओळखता आला नाही.

हेक्झेन.
पाण्यासारखं दिसतं. पाण्यावर तरंगतं, त्यात मिसळत नाही.
चहाचं आधण यायच्या बरंच आधी उकळतं
आणि उणे वीसच्या थंडीतही
ठिणगी समोर आली तर नाही म्हणत नाही.

हे सगळं बाबा जेवताना सांगायचे,
भाताला आळं करत.
वाफ हवेच्या तिप्पट जड. वर जात नाही ती.
जमिनीलगत सरकते, गटारात उतरते,
जिन्याखाली जाऊन मांजरासारखी बसते.
शंभरात सव्वा भाग मिसळली तरी पेटायला पुरे.
आई म्हणायची, वरण घ्या आधी.

फाटकावर काडेपेटी, बिडी, मोबाइल जमा.
"भिया, जूते में कील तो नहीं?"
रामसुभग पुसायचा, कोरान्नेसाहेबांनासुद्धा, रोज,
आणि साहेब रोज तळवा वर करून दाखवायचे.
आत पितळेचे पाने, सुती कपडे.
टँकर आला की आधी अर्थिंगची तार, मग नळी.
कारण नुसतं वाहण्यानंही वीज साठते, ते म्हणायचे,
कुणी काही केलेलं नसतं.

आग कधी लागली नाही.
पंचवीस वर्षांना एक चांदीचं तबक मिळालं,
त्यावर कोरलेलं: शून्य अपघात.
आई त्यात दिवाळीला पणत्या ठेवायची.

मग एका संध्याकाळी जेल रोडवर
बाबांची डावी चप्पल मागे राहिली
आणि बाबा पुढे चालत राहिले, दहा पावलं, पंधरा.
एका पोरानं ती आणून दिली. अंकल, आपकी.
त्यांनी पायाकडे पाहिलं,
ओळखीचा चेहरा आठवावा पण नाव आठवू नये, तसं.

डॉक्टरीणबाईंनी घोट्यावर नादकाटा टेकवला.
थरथर कळते? आता? आता थांबली?
बाबा अंदाज सांगत होते.
आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अंदाज सांगताना पाहिलं.
सगळ्यांत लांबच्या नसा आधी जातात, त्या म्हणाल्या.
मोजे घातल्यासारखं वाटतं. पुढे हातमोजे.
कामावर श्वासातून घ्यावं लागायचं का?

गळती बाबा नाकानं शोधायचे.
प्रत्येक सांध्यापाशी वाकून.
मीटर मागून यायचा, खात्री करायला.

नोकरी सोडली तर थांबेल ना, आईनं विचारलं.
आधी वाढेल, बाई म्हणाल्या. दोन-तीन महिने.
मग थांबेल. मग थोडं परत येईल.
किती, ते सांगता येत नाही.

मी शाळेत मराठी शिकवते,
वर्गात उरलेल्या अकरा मुलांना.
जुन्या मराठीत "तो मोजे" म्हणजे तो मोजत असे.
हे फळ्यावर लिहिलं आणि खडू हातात धरून उभी राहिले.
मुलांना वाटलं, बाई पुढचं विसरल्या.

बाबा ओट्यापाशी मटार सोलतात.
दाणे बोटांना कळत नाहीत, म्हणून डोळ्यांनी.
शर्टाची बटणं आई लावते.
गॅस पेटवायच्या आधी
ते अजून म्हणतात, खिडकी.
आणि मी उघडते.

जानेवारीत एका सकाळी
न्हाणीघराच्या दारातून ते म्हणाले,
फरशी गार आहे.

आम्ही दोघी होतो तिथेच थांबलो.

उजव्याला, ते म्हणाले.
डाव्याचं अजून सांगत नाही.