सातवं चक्र

हमरानियाच्या चाऱ्याच्या शेतात, सातव्या चक्रावर,
पाण्याच्या लांब लोखंडी हाताचं चाक जिथून जातं
नेमकी त्या चाकोरीतच टिटवीनं अंडी घातली.
गवत नाही, काडी नाही. खडेच खडे,
त्यांत हे चार, मातकट, शाईचे शिंतोडे उडालेले,
टोकं आत वळवून बसलेले.

आमच्याकडे त्या टोकांवरून पावसाचे महिने मोजतात.
इथे काय मोजणार?
रास अल खैमाच्या या तुकड्यावरचा पाऊस
पहाटे साडेतीनला मीच सुरू करतो.
हिरवं बटण, मग पंपाची धाप.

दुपारी ती उबवत नाही.
पाय ताठ करून अंड्यांवर नुसती उभी, चोच उघडी,
आपली सावली घट्ट धरून.
दुसरी गळक्या व्हॉल्व्हपाशी पोट भिजवून येते
आणि पाळी बदलते. यातला नर कोणता
मला ओळखता येत नाही, खरं सांगायचं तर.

जवळ गेलो की एकीचा पंख मोडतो.
असा मोडतो की पहिल्यांदा मी फसलो,
"अगं, अगं" करत चाळीस पावलं मागे गेलो,
तिथे पंख बरा झाला.
दादमुराद ट्रॅक्टरवर पोट धरून हसत होता.

चाक यायला पाच तास होते.
मी यंत्र उलटं फिरवलं.
तेव्हापासून ते खळग्याच्या अलीकडे थांबायचं, माघारी वळायचं,
सगळं शेत फिरून पलीकडून यायचं, पुन्हा थांबायचं.
मधली एक फोड पिवळी पडत गेली.
फोरमन शौकीनं विचारलं. सेन्सर गेलाय, म्हणालो,
पार्ट दुबईहून यायचाय.
सव्वीस दिवस पार्ट येत राहिला.

मग एका सकाळी खळगा रिकामा.
कुठूनशी आरोळी, आणि तीन पिल्लं
जागच्या जागी खडे झाली.
पाय कुठे टाकावा कळेना.
चौथ्याचं माहीत नाही. बांधावर कोल्ह्याची पावलं होती.

ती लांब गेल्यावर चक्र पुरतं फिरवलं.
पिवळ्या फोडीवर पाणी पडताना
मी उगीच उभा राहिलो,
काहीतरी ओळख दाखवेल म्हणून असेल.
ती थेट टोपीवर आली. टिटिव-टिटिव-टिव.
एकदा नाही, चारदा.
तिच्या वहीत मी आणि कोल्हा एकाच पानावर.

बरोबर आहे, म्हटलं.
टोपी झटकली
आणि खाली बघत, चाकोरी सोडून,
कडेकडेनं परत आलो.