अनुक्रमांक त्र्याहत्तर

लिअँडरमामाच्या घराला आता दोन कुलपं:
एक त्याचं, गंजलेलं, कधीच न लागलेलं,
दुसरं सेंट जॉन्सच्या कोर्टाचं.

मामा फेब्रुवारीत गेला. बंदर गोठलेलं,
कबर खणायला मे उजाडला.
मृत्युपत्र मात्र त्याच आठवड्यात वर आलं,
कोरडं, घडी न पडलेलं:
घर, होडी, मासे वाळवायचा मांडव, सगळं गार्लंडला.
खाली ऑगस्टची तारीख, आणि सही,
सरळ रेषेत, एकही अक्षर न अडखळता.

त्या ऑगस्टमध्ये मामाच्या हातातलं सूप
तोंडापर्यंत पोचायचं नाही,
दाढीतच संपायचं.
एवढंच माझं म्हणणं.
वकीलबाईंनी त्याची चार पानं केली.

तोवर गार्लंडनं होडीचं इंजिन
आपल्या शेडमध्ये नेलेलं.
"सांभाळायला," म्हणाला.
बोक्यानं दूध सांभाळावं तसं.

न्यायाधीश म्हणाले, निकाल लागेपर्यंत
काही विकायचं नाही, हलवायचं नाही,
इंजिन परत.
आणि नळ फुटू नयेत म्हणून
चूल कोणीतरी पेटती ठेवायची.
ते कोणीतरी मी.
रोज संध्याकाळी वहीत सही करून
जिथे वाढले त्या घरात शिरायचे,
लाकडं घालायचे.
घड्याळाला चावी द्यायचे नाही.
परवानगीत घड्याळ नव्हतं.

जूनमध्ये यादी करायला मिस्टर पिन्सेंट आले,
बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
जाळी बावीस. खुर्च्या पाच, पैकी एक लंगडी.
आजीचा फोटो, काच तडकलेली.
गार्लंड दाराशी, मी चुलीशी.
"कोणी काही नेलंय का घरातून?"
मान वरही न करता विचारलं त्यांनी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
माझ्या तर कोटाच्याच खिशात होतं ते,
चार इंचांचं, हाडाच्या मुठीचं:
मासे चिरायचा सुरा.
मामा गेला त्या रात्री उचललेला, कोणाला न विचारता.
चार महिने मी त्याला आठवण म्हणत होते
आणि इंजिनाला चोरी.

काढून ठेवला टेबलावर.
पिन्सेंटनी चष्मा सारखा केला, लिहिलं:
त्र्याहत्तर. सुरा एक. मूठ झिजलेली. किंमत शून्य.

गार्लंड काही बोलला नाही.
पुढे आला, मामाच्या अंगठ्यानं पडलेल्या खळग्यात
आपला अंगठा टेकवून पाहिला.
बसला नाही.
माझाही बसत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

मग यादीखाली दोघांच्या सह्या.
त्याची नेहमीसारखी.
माझी, का कोण जाणे, वाकडी आली,
ओळखू न येण्याइतकी.