तीन नंबरची टाकी

तीन नंबरची टाकी गप्प झाली माघातल्या चतुर्थीला.
बारा दिवस कुजबुजत होती,
मग नुसतं स्टील.

नाशिकचे सल्लागार फोनवर म्हणाले,
पाकिटातलं यीस्ट टाका, चिमूटभर सल्फर,
आणि झोपा निवांत.
मृदुलावहिनी म्हणाली, नको.

तिचं हे नको आम्हाला तीन हंगाम महागात पडलंय.
नको म्हणून फवारे बंद.
नको म्हणून वेलींच्या ओळींत ताग, धैंचा,
गुडघाभर गवत,
आणि गवतात एका सकाळी बिबट्याचा पंजा,
ताजा, दव न उतरलेला.

गंगी गेली तेव्हा तिची शिंगं ठेवून घेतली.
दर आश्विनात शेण भरून पुरतो,
फाल्गुनात उकरतो.
तोवर शेणाचा वास गेलेला असतो,
कुठे जातो ते कळत नाही.
मग मूठभर ती काळी माती पिंपभर पाण्यात,
तासभर घुसळायची:
उजवा भोवरा, मोडायचा, डावा.

अण्णा ओट्यावरून बघत असतात.
"आमचा बाप तिथी बघून छाटणी करायचा,
तर शेतकी साहेब त्याला अडाणी म्हणाला.
आता तेच पंचांग जर्मनीहून आलंय,
वर कुरियरचा खर्च."

अण्णांनी जन्मात थेंब घेतलेला नाही.
गेल्या वर्षी कोरेगाव पार्कातून दोन खोकी परत आली,
चिठ्ठीवर: तळाला गाळ आहे.
वहिनीनं खाली लिहिलं, आहे.
त्या रात्री जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही.

तर चतुर्थीची रात्र.
कुकडीच्या कालव्यावरून बोचरा वारा,
नारायणगावात शेकोट्या.
अण्णा शेडमध्ये आले, बगलेत दोन गोधड्या.
टाकीला हात लावला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा,
फक्त ही गार होती.
"थंडीत विरजण लागत नाही," म्हणाले,
"एवढं नाशिकला माहीत नाही?"
आणि सुतळीनं, तीन वेढे देऊन,
टाकी गुंडाळली.

पाचव्या दिवशी पहाटे
काचेच्या नळीत एक बुडबुडा.
बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरा.

वहिनी सांगायला धावली.
अण्णा म्हशीखाली बसले होते, मान न वळवता म्हणाले,
गोधड्या राहू देत,
अजून पंधरा दिवस गार आहे.