शून्य पूर्णांक शून्य

घरात ओपनर नाही.
असायचं कारणही नव्हतं.
एकतीस वर्षं मी सरकारी प्रयोगशाळेत
जप्त दारूचे नमुने तपासले,
आणि दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत
बाटली म्हणजे फिनेलची
नाहीतर खोकल्याच्या औषधाची.

शेवटी अडकित्त्यानं झाकण उचकटलं.
फस्स् झालं तशी
पलीकडच्या जसुभाईंनी खिडकी लावून घेतली,
अर्ध्या मिनिटानं बोटभर उघडली.

एक बाटली भाचीनं जर्मनीहून आणलेली.
एक डबा इराणी अक्षरांचा, लिंबाच्या चित्राचा,
कोण दुबईहून देऊन गेलं तेही आठवेना,
वर्षभर फ्रीजच्या दारात उभा.
आणि दोन बाटल्या इफेआनीच्या.
वरच्या खोलीत राहतो, युनिव्हर्सिटीत फार्मसी शिकतो,
नायजेरियाहून येताना टॉवेलात गुंडाळून आणल्या त्यानं,
टॉवेल अजून वाळतोय गच्चीवर,
कारण तिसरीही होती.

सगळ्यांवर एकच छापलेलं : ०.०
मला हसू आलं.
हा आकडा माझ्या टेबलावर
उभ्या नोकरीत एकदाच निघाला,
मुद्देमाल वाटेतच कुणी संपवून
आत कोरा चहा भरला होता.

सवयीनं आधी उजेडात धरलं.
मग लांबून, हातानं वारा घेत, वास.
प्रभा म्हणाली, अहो, प्या आता,
कोर्टात नाही द्यायचं.

जर्मन : पावाची करपलेली कड.
प्रभाला कॉफीत चुकून गूळ पडल्यासारखं वाटलं.
इराणीत लिंबू इतकं
की सातू कुठे बसलाय ते शोधावं लागलं.
हो, सातूच तो.
जव म्हणा, बार्ली म्हणा,
माल्ट म्हणून दुप्पट किंमत लावा,
मोड आणून भाजलेला सातू.
उन्हाळ्यात आई कालवायची, वेलची घालून, पितळी पेल्यात,
तळाशी एक गुठळी राहायची, ती बोटानं.
एवढे समुद्र ओलांडून
त्यानं माझ्याच तोंडात परत यावं?

इफेआनीची काळी, दाट.
साखर दातांवर बसून राहिली.
तो म्हणाला, आमच्याकडे बाळंतिणीला देतात,
लग्नात पोरांच्या हातात हीच,
रक्त देऊन आलेल्या माणसाला तर नक्की.
आजी म्हणते, हिनं रक्त भरतं.

फार्मसीच्या मुलाशी यावर वाद घालायला हवा होता.
घातला नाही.
मला एक नमुना आठवला.
क्रमांक सांगत नाही. पाठ आहे.
खोकल्याच्याच औषधाची बाटली, आत दोन घोट,
पंचनाम्यात पिणाऱ्याचं वय एकोणीस.
मिथेनॉलला तोंडावर काही नसतं हो,
देवापुढच्या तांब्यातल्या पाण्यासारखं दिसतं.
आकडा लिहिला, सही केली, लाख लावली,
आणि घरी येऊन पोहे खाल्ले.

इफेआनीही एकोणीसचाच.
मी त्याच्या पेल्यात आणखी ओतलं.

एवढ्यात जसुभाई जिना चढून आले,
कानाशी येऊन म्हणाले, परमिट छे?
बेसो, म्हटलं, आधी बेसो.
दोन घोट घेतले त्यांनी, डोळे मिटून,
आणि जरासे डोललेही, उगाच,
सवय नाही ना, म्हणाले.
प्रभा पदर तोंडाला लावून आत गेली.

रात्री जुनी वही काढली.
रंग : तपकिरी. वास : भाजका. गाळ : नाही.
अल्कोहोल : आढळले नाही.
हे मी दुसऱ्यांदा लिहिलं.
पहिला तो चहा, तो मोजत नाही.

अभिप्रायाच्या रकान्याशी पेन थांबलं.
मोरीतून प्रभाचा आवाज :
बाटल्या धुतल्या,
पण काळीचं लेबल काही निघत नाही.

राहू दे, म्हटलं.