वायव्येचा सूर्य

आमच्या संगणकात सूर्य कायम वायव्येला असतो.
नागपुरात तो तिथे कधी उगवत नाही,
मावळतानाही जूनमध्ये फार तर जरासा तिकडे झुकतो.
पण नकाशाला तोच लागतो, वरून डावीकडून तिरपा उजेड.
दिशा चुकली की डोळा फसतो,
टेकडीचा खड्डा होतो, नाल्याचा बांध.
हे गोडे सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं,
सेमिनरी हिल्सच्या उतारावर, तिसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून.

विमान भिवापूरच्या पलीकडे सहा दिवस फिरलं.
सेकंदाला लाखो ठिणग्या सोडल्या त्याने खाली.
काही पानावर आपटून परतल्या, काही फांदीवर,
आणि एखादीच
सागाच्या दोन पानांमधल्या फटीतून
मातीला शिवून.
माझं काम त्या एखादीचं.
पानं पुसायची. मोहाची झाडं पुसायची.
कौलं, कडब्याच्या गंजी, विजेचे खांब,
एका बांधावर उभी बैलजोडी, अकरा बिंदूंची,
तीही पुसली.
उरते ती उघडी जमीन,
न्हाव्यापुढून उठलेल्या पोराच्या डोक्यासारखी,
जुन्या सगळ्या खोका दाखवणारी.

सोनं दिसत नाही. पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं.
दिसतो फक्त आकार:
झिजायला नकार दिलेल्या गारेच्या शिरेचा कणा,
नदीने टाकून दिलेलं अंथरूण.
आणि त्या अंथरुणाच्या काठाने, मार्चच्या एका दुपारी,
वाटीएवढे गोल. एक, मग एक, मग
त्रेसष्ट.
"यंत्राचा दोष असेल," सर म्हणाले, "घासून सपाट कर."
मी कर्सर नेला.
कर्सर थांबला.

इतवारीत, सराफ्यात, दुकानं उघडायच्या आधी
सगुणाबाई वलथरे पायऱ्या झाडते.
झाडण्याचे पैसे तिला मिळत नाहीत, तीच देते,
कचऱ्याच्या हक्काचे.
फटीफटीतून कुंचा फिरवते, नालीचा गाळ उपसते,
काठवटीत घेऊन हेलकावे देते
बाळाला निजवावं तसे,
आणि पाणी सगळी माती घेऊन जातं, एवढंसं सोडून.
तिची सासू नदीत झारायची. मग नदीवर धरण आलं,
मग ही नाली.

मी छापील नकाशा तिच्यापुढे धरला.
तिने ओल्या हाताने घेतला, उलटा धरला.
"हे डुंगे कायचे वं?"
खड्डे आहेत, मावशी.
"डुंगेच हायेत, पाय ना."
पाहिलं. खरंच होते.
तिच्या बाजूने सूर्य खालून येत होता
आणि त्रेसष्ट ढिगारे फुगून वर आले होते,
झारून टाकलेल्या वाळूचे असावेत तसे.
मग तिने कागद फिरवला, पुन्हा फिरवला,
बोट ठेवलं, ओळीवरून हळूहळू चढवत नेलं,
ओठ हलत होते. मोजत होती की नावं घेत होती?
"आमचेच दिसतेत," म्हणाली.

म्हणजे तिथे सोनं आहे?
ती हसली. खालचा एक दात नाही तिला.
"होतं तठी भेटलं असतं, तर पुढचा खड्डा
कायले खंदला असता, बापा?"
मग शेवटच्या खड्ड्यापाशी? जिथे ओळ थांबते?
बोट तिथेच होतं.
"तठी एक तं भेटलं," ती म्हणाली,
"नाई तं जीव थकला."
आणि काठवट पुन्हा हलवू लागली.

अहवालात एक रकाना आहे, "मानवी हस्तक्षेप".
त्यात मी त्रेसष्ट लिहिलं, आणि घासून सपाट केलं नाही.
सर दोन दिवस बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी चहा मागवला, दोन कप.
शेवटच्या गोलाचा रकाना अजून कोरा आहे.
पावसाळ्यानंतर तिथे ड्रिल जाईल किंवा जाणार नाही.

त्या सकाळी निघताना तिने मला हाक मारली.
वाटलं, काही सांगायचं राहिलं असेल.
"चपला झटकून जाय वं बाई.
साऱ्या सराफ्यातून चालत आलीस."
मी एका पायावर उभी राहिले, मग दुसऱ्या,
आणि तिने खाली काठवट धरली.