पेरू

आमच्या घरात टर्कीला पेरू म्हणतात.
शाळेत सांगितलं, नाताळाला आम्ही पेरू भाजतो,
तर कदमबाई म्हणाल्या, तिखटमीठ लावून का?
मी हो म्हटलं. खोटं नव्हतं.

गणपतीच्या आधी पप्पाने तो बांद्याच्या बाजारातून आणला,
पोत्यात, फक्त डोकं बाहेर,
गळ्याखाली लोंबती कातडी
ओल्या कोकमाच्या सालीसारखी.
आल्याच दिवशी त्याने आईची पायरी घेतली
आणि आईने ती सोडली.

नाक्यावर एसटीने हॉर्न दिला
की हा अंगणातून उत्तर द्यायचा.
सातची वेंगुर्ला, साडेआठची सावंतवाडी,
एकही चुकवली नाही.
कंडक्टर गवंडे खिडकीतून ओरडायचा,
"वजन किती झाला गो?"

तेवीसला संध्याकाळी यासीनचाचा आला.
त्यानेच मान धरली,
तोंडातल्या तोंडात काही म्हणाला,
मग सुरी.
मी विहिरीकडे बघत होते.
पिसं काढायला रात्रीचे दहा वाजले,
भाताच्या टोपात तो मावला नाही,
म्हणून मासे ठेवायच्या निळ्या पिंपात
आगरातल्या जाड्या मिठाच्या पाण्यात बुडवला
आणि वर पाट्याचा दगड.

चोवीसला आईने पोट भरलं:
काळीज बारीक चिरून, शिळा पाव, काजू, मिरी,
आणि मधोमध एक अख्खा पेरू, झाडाचा.
"पेरवात पेरू," पप्पा हसला,
गेल्या वर्षी हसला होता तसाच.
चोरीसची माळ मात्र चुलीवर टांगलेलीच राहिली.
मी विचारलं.
"यंदा नको. भट्टी यासीनची आसा."
एवढंच बोलून ती सुईत दोरा ओवायला लागली.

बेकरीत शेवटचे कडक पाव निघाले तेव्हा
आम्ही त्याला हातगाडीवरून नेला, केळीच्या पानाखाली.
चाचाने भट्टीत चिमूटभर पीठ फेकलं.
काळं झालं. थांबा.
पुन्हा फेकलं. थांबा.
तिसऱ्यांदा ते तांबूस झालं, आणि चाचाने मान हलवली.

पण तोंडातून तो जाईना.
तंगड्या सुंभाने बांधल्या, कुशीवर वळवला,
पप्पाने आवेमरी म्हणत ढकलला,
छाती अडकली ती अडकलीच.
"बापाशीन पावासाठी बांधलेली," चाचा म्हणाला,
"पेरवासाठी नाय."
आणि बराच वेळ त्या तोंडाकडे बघत राहिला.
काजळी धरलेल्या विटा,
एकीवर बोटाने काढलेलं साल, अर्धं पुसलेलं.
मग त्याने पहार घेतली
आणि दोन विटा काढल्या,
दुखरा दात काढावा तशा, हलवत हलवत.
साल असलेली काढली नाही.

ओल्या गोणपाटाने तोंड बंद केलं.
तासातासाला उघडून, केळीच्या दांड्याने
लोणी आणि आगळ फासायचं काम माझं.
कातडी आधी पिवळी, मग मधासारखी,
मग एका बाजूला जरा जास्तच,
ते कुणाला सांगायचं नाही असं ठरलं.
अर्ध्या रात्री मिस्साला गेलो,
बाकावर आम्ही चौघं,
चौघांच्याही हातांना लाकडाच्या धुराचा वास.
चाचा तेव्हा भट्टीपाशी स्टुलावर एकटा,
आमच्या पेरवाची राखण करत.

दुसऱ्या दिवशी दहा पानं मांडली, जेवायला चौदा.
चाचाची सलमा तंगडी धरून बसली ती बसलीच.
करपलेली बाजू पप्पाने स्वतःला वाढून घेतली.
त्या दोन विटा अजून बेकरीच्या दाराशी आहेत,
बसवायच्या राहिल्यात.
पुढच्या वर्षी परत काढूच्या लागतले, चाचा म्हणाला,
मगे कित्याक?

इतक्यात नाक्यावर दीडची मालवण वळली.
हॉर्न.
सगळ्यांचे हात ताटात थांबले.
आईने पायरीकडे पाहिलं.
अंगण काही बोललं नाही.

मग आमचा एलायस, तीन वर्षांचा,
मान ताणून,
तोंडातला घास न गिळता,
त्याने उत्तर दिलं.