वैशाखातला स्वेटर

शेवटचा टाका सुईवरून उतरवला
तेव्हा दुपारचे पावणेतीन,
भुसावळात पारा सेहेचाळीसवर
आणि कूलरमधलं पाणी पुन्हा संपलेलं.

पाडव्याला घातले होते टाके.
लोकर जळगावची, भरताच्या वांग्याच्या रंगाची,
आपल्या बामणोदच्या, हिरव्या, पांढरट शिरांच्या.
दुकानदार म्हणाला, ताई, पोपटी घ्या, खुलेल.
म्हटलं, वांगंच पाहिजे.

पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं
दुसऱ्यांची गाठोडी तोलली, शिक्के मारले.
घरी विणले ते भाच्यांचे, पुतण्यांचे, जावेच्या बाळाचे,
सगळे दोन हिवाळ्यांत आखूड झाले.
हा पहिला माझ्या मापाचा.
टेप लावताना पोट आत ओढलं नाही,
भरलं तेवढंच लिहिलं.

दोन सुलट, दोन उलट.
डावी बाही दोनदा उसवली.
उसवलेली लोकर कुरळी राहते,
जुनं वळण सोडता सोडत नाही.
वाफ दिली, खाली तांब्या बांधून दोरीला टांगली,
तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी वठणीवर आली.

पाठीवर, कमरेच्या वर,
चार बोटं पट्टी हाताला आवळ लागते.
ते यांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचे दिवस.
दवाखान्याचा बाक, फडफडणारी ट्यूबलाइट,
आतून कोणी नाव पुकारेल म्हणून
प्रत्येक टाका ओढून धरलेला.
उसवायला बसलेही होते एकदा,
सुई काढून धागा चिमटीत धरला,
मग सगळे टाके परत सुईवर घेतले, एकेक.
लोकांना दिसत नाही ती.
मला टेकून बसताना कळेल.

फालकबाई दारातूनच म्हणाल्या,
अवो, या उन्हात लोकर काय मांडीवर घेता?
मांडीला घामोळं आलंच होतं, खोटं कशाला बोलू.
पण गळा राहिला होता फक्त,
आणि गळा राहिलेला स्वेटर
घरात कोणी उपाशी बसल्यासारखा वाटतो.

बाह्या जोडल्या. लोंबती टोकं जाड सुईने आत दडवली.
सुरुवात कुठली नि शेवट कुठला
आता मलाही सांगता यायचं नाही.
येईल, तसं. डाव्या काखेत गाठ आहे.

मग काही सुचेना.
सुया पुसल्या, डब्यात ठेवल्या, परत काढल्या.
लिंबाएवढा गुंडा उरला होता,
तो या हातातून त्या हातात केला बराच वेळ.

रात्री अकराला घातला.
आरशासमोर नाही, पलंगावर बसून.
गळ्यातून डोकं बाहेर येईपर्यंत
सगळं हिरवं, नव्या लोकरीचा वास.
बाही मनगटावर बरोबर येऊन थांबली,
जशी गाडी फलाटावरच्या खुणेला.

यांनी पेपर खाली केला.
माझ्या कपाळावरून घामाची धार,
पाठीला ती आवळ पट्टी, नेमकी जागेवर.
“काढू नको,” म्हणाले, “बस जराशी,”
आणि उठून
पंखा पाचावर केला.